खळ, मोरचूद आणि कायदा

आकाशकंदिलाची खळ कशी शिजवावी हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवायला नको. बुकबाइंडर मात्र तिच्यात थोडा मोरचूद घालतो. नाहीतर पुस्तकाला कसर लागते. आता समजा, नागपुरातल्या एखाद्या गृहस्थाने साबुदाण्याच्या खळीत मोरचूद घातला आणि पेटंटचा अर्ज केला. तशी खळ पूर्वी कोणी केलेली नसेलही. तरी पेटंट मिळणे कठीण!

कारण नवे असणे पुरत नाही. आपला १९७० चा पेटंट कायदा विचारतो, त्या धंद्यातल्या जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती काय? हा जाणकार म्हणजे तुम्हीआम्ही नव्हे, आणि कोणी महापंडितही नव्हे. आपले काम चोख जाणणारा माणूस. भांडी लेथवर धरण्याच्या एका साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली अवैध ठरवले, ते याच कसोटीवर. ती कारखान्यातली किरकोळ सुधारणा ठरली.

पण याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत थ्री एम कंपनीचे स्पेन्सर सिल्व्हर १९६८ साली भक्कम चिकटद्रव्य शोधत होते. हाती आले ते भलतेच दुबळे. चिकटे आणि अलगद सुटे. पुढे १९७४ साली त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडतात म्हणून त्याची आठवण झाली. आज कचेरीतल्या टेबलावर त्या चिकटचिठ्ठ्या पाहून कोणीही म्हणेल, "यात काय मोठेसे?" उत्तर पाहिल्यावर गणित सोपेच वाटते हो! म्हणून परीक्षकाने अर्जाच्या तारखेअलीकडचे सारे विसरून बसायचे असते. डिंकवाले सगळे घट्टपणाच्या मागे असताना दुबळ्या डिंकाकडे कोण वळला असता?

हे विसरणे सोपे नाही. पेटंट तपासनिसांचे शिक्षण आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते. त्यांचा निर्णय चुकून अर्जदाराच्या बाजूने गेला, तर बाइंडरला साबुदाण्याची खळ वीस वर्षे बंद. उलट चुकला, तर कोणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात.

तेव्हा घरात कोणी असले प्रयोग करीत असेल, तर अर्जाआधी ते गावभर दाखवू नका. आणि फसलेल्या प्रयोगांची वही, तारखांसकट, रद्दीत घालू नका. "असे कोणी करीत नाही" असे एखाद्या जुन्या पुस्तकात छापलेले सापडले, तर तेही त्याच वहीत ठेवा. वकील आधी तेच मागेल.