विश्लेषण : वकीलच तोतया निघाला, तर पक्षकाराचे काय होते?

केरळमधील आलप्पुळा येथील न्यायालयात एक महिला दोन वर्षांहून अधिक काळ वकील म्हणून वावरत होती. वकील संघटनेच्या निवडणुकीत ती निवडून आली होती. काही प्रकरणांत तिची कोर्ट कमिशनर म्हणून नेमणूकही झाली होती. २०२१ मध्ये एका निनावी पत्रावरून चौकशी सुरू झाली. तिच्याकडे कायद्याची पदवी नाही आणि तिने वापरलेला सनद क्रमांक दुसऱ्याच वकिलाचा आहे, असा आरोप तेव्हा समोर आला. जे रोजच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले नाही, ते पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या पक्षकाराच्या कसे लक्षात येणार?

कायद्याने वकील कोण?

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार मान्यताप्राप्त कायद्याची पदवी आणि राज्य बार कौन्सिलच्या यादीत नाव, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. या नोंदणीलाच सनद म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्यात सनद क्रमांकात ‘एमएएच’, नोंदणी क्रमांक आणि वर्ष असते. २०१० पासून पदवी घेणाऱ्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली.

तोतयेगिरी कशी चालते?

काही जण पदवी नसतानाच काळा कोट घालतात आणि दुसऱ्याचा सनद क्रमांक लिहितात. काही जण बनावट गुणपत्रिका किंवा पदवी दाखवून खरी सनद मिळवतात. तर काहींची सनद निलंबित झालेली असते, तरी काम सुरूच राहते. दुसरा प्रकार पकडणे सर्वांत अवघड, कारण यादीत नाव सापडते. दिल्लीचे तत्कालीन कायदामंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना जून २०१५ मध्ये बनावट पदवीच्या आरोपावरूनच अटक झाली होती. शैक्षणिक पात्रतेच्या खोट्या माहितीच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यांची आमदारकीची २०१५ मधील निवडणूक रद्द ठरवली. २०१९ ते ऑक्टोबर २०२४ या काळात दिल्लीच्या यादीतून १०७ तोतया वकिलांची नावे काढल्याचे बार कौन्सिल ऑफ इंडियाने जाहीर केले होते.

चालू खटल्यावर काय परिणाम होतो?

झालेले काम बऱ्याचदा वाचू शकते. वकीलपत्रातील किंवा सहीतील त्रुटी ही कार्यपद्धतीची त्रुटी असून ती दुरुस्त करू द्यावी, तेवढ्यावरून पक्षकाराचा मूळ हक्क बुडू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने उदय शंकर त्रियार प्रकरणात २००५ मध्ये घेतली. नवा वकील नेमून पुढे जाण्याची वाट त्यामुळे खुली राहू शकते.

खरा धोका न झालेल्या कामाचा आहे. तोतया वकील तारखेला गेलाच नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घेण्यासाठी साधारणपणे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदतही ३० दिवसांची, तर उच्च न्यायालयात ९० दिवसांची आहे. मुदत टळली, तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफ करण्याची विनंती करता येते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले होते. मात्र हा सरसकट नियम नाही, असे याच न्यायालयाने पुढे स्पष्ट केले.

मूळ दाव्याला तर कलम ५ लागूच होत नाही. उसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी साधारण ३ वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. ‘दावा टाकला आहे, तारीख पडेल’ असे सांगत तोतयाने ती वर्षे घालवली, तर पुढे खरा वकील मिळूनही दावा मुदतबाह्य ठरू शकतो. फसवणूक वकिलाने केली आहे, प्रतिवादीने नाही. त्यामुळे फसवणुकीच्या कारणावर मुदत वाढवून देणारे कलम १७ ही येथे सहसा कामी येत नाही.

तक्रार कुठे करायची?

सनदधारक वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याच्यावर बार कौन्सिल शिस्तभंगाची कारवाई करू शकत नाही. तिथे पोलीस ठाणे हाच मार्ग. बेकायदा वकिलीसाठी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कमाल ६ महिने कैद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली फसवणुकीसाठी ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण गुन्हा सिद्ध झाला, म्हणून गेलेली मुदत परत येत नाही.

पडताळणी कुठे अडली?

पडताळणीचे नियम २०१५ मध्येच आले. त्यांना उच्च न्यायालयांत आव्हान मिळाले, पदवी तपासण्यासाठी विद्यापीठे शुल्क मागू लागली आणि काम रेंगाळले. अखेर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि विद्यापीठांनी शुल्क न घेता पदव्या तपासाव्यात, असे बजावले.

पक्षकाराने काय पाहावे?

- वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी सनद क्रमांक विचारावा आणि राज्य बार कौन्सिलकडे त्याची खात्री करावी.
- खटला दाखल झाल्यावर १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मागावा. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर त्यावरून पुढची तारीख आणि आदेश दिसतात.
- फी शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी, पावती घ्यावी. मूळ कागदपत्रे देताना पोच घ्यावी.
- महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आदींना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. मदतवाहिनी : १५१००.

ही खबरदारी गरजेची आहे, पण तपासणीचा भार पक्षकाराच्या खांद्यावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. घरी गॅस सिलिंडर घेतानाही ओटीपी सांगावा लागतो. मग वकीलपत्र दाखल होताना प्रत्येक न्यायालयात नाव आणि सनद क्रमांक बार कौन्सिलच्या अद्ययावत यादीशी आपोआप ताडले जायला हवेत. तीच यादी प्रत्येकाला मोबाइलवर पाहता यायला हवी. यामुळे प्रामाणिक वकिलांचे काहीच बिघडणार नाही. उलट, तोतयांमुळे सर्वात आधी डागाळते ती त्यांचीच सनद.