चेहऱ्यात काय टोचणार, ते आधी विचारा



मालवणच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एका ताई विचारतात, ‘‘मे महिन्यात मुलीचे लग्न. मुंबईची भाची म्हणते, मावशी, पार्लरमध्ये सुरकुत्यांचे इंजेक्शन घे. बचत गटातून पैसे काढू का?’’

ताई, घाई नको. आधी फरक समजून घ्या. हसताना डोळ्यांच्या कडेला आणि कपाळावर आठ्या पडतात, तिथे बोटॉक्स देतात. त्याने स्नायू काही महिने सैल पडतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल घडी पडते, तिथे फिलर देतात. फिलर म्हणजे कातडीखाली भरायचे जेल. उन्हातान्हात बसून चेहराभर पडलेल्या बारीक सुरकुत्यांना मात्र फिलरचा फारसा उपयोग नाही. तुमच्या सुरकुत्या कोणत्या, हे डॉक्टरांनी तपासूनच सांगावे.

फिलर घ्यायचेच ठरले, तर ‘हायलुरॉनिक ॲसिड’चे घ्या. हे द्रव्य आपल्या शरीरातही असते. ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. मुख्य म्हणजे काही बिघडले, तर ‘हायलुरोनिडेज’ नावाचे औषध टोचून ते विरघळवता येते. कॅल्शियमचे फिलर जास्त टिकते, पण असे विरघळत नाही. कायमचे फिलर चुकले तर चूकही कायमची! पातळ सिलिकॉन तर चेहऱ्यात मुळीच टोचून घेऊ नका.

धोका कुठे आहे? जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर तिथली कातडी मरते. क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम पार्लरचे नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लास्टिक सर्जनचे. सुईविना जेल आत ढकलणारे ‘पेन’ही निघाले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली त्याविरुद्ध इशारा दिला आहे.

डॉक्टरांना हे विचारा : महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? फिलरचे नाव काय? सीलबंद खोके माझ्यासमोर उघडाल का? बॅच क्रमांकाची चिठ्ठी मला द्याल का? विरघळवण्याचे औषध दवाखान्यात आहे का? उत्तर टाळले, तर उठून या. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगावे. टोचल्यावर फार दुखले, कातडी पांढरी किंवा निळसर पडली, दिसेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.

आता खर्च. शहरात एका सिरिंजला बहुतेक ठिकाणी पंधरा हजारांच्या वर पडतात, आणि जेल विरले की पुन्हा तेवढेच. सूज आणि काळेनिळे डाग काही दिवस राहतात, म्हणून लग्नाच्या आठवड्यात तर नकोच. कर्ज काढून मुळीच नको.

त्याआधी स्वस्तातले करा. बाजारात बसताना डोक्यावर छत्री धरा किंवा पदर पुढे ओढा. सकाळी उन्हापासून वाचवणारे मलम लावा आणि दुपारी पुन्हा लावा. घरात कुणी विडी ओढत असेल, तर सोडायला सांगा. तिनेही सुरकुत्या वाढतात. एवढे करून ओरोसच्या सरकारी रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांची वेळ विचारून घ्या. बचत गटाचे पैसे मुलीच्या लग्नालाच राहू द्या.