‘होऊन जाईल, मॅडम!’

प्रत्येक टीममध्ये एक ‘होऊन जाईल’ असतो. तुमच्याही असेल. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला क्लाएंटचा मेल येऊन थडकला, की आपली नजर आपोआप त्याच्याच डेस्ककडे वळते. तो मान वर न करताच म्हणतो, ‘होऊन जाईल.’ आणि खरंच होऊन जातं!

आमच्याकडेही होता. लातूरचा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण हा पठ्ठ्या मला शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणाला. टीम लीड झाल्यावर मला रात्री शांत झोप लागायची ती त्याच्या जिवावर. त्याची झोप कधीच उडाली होती, हे मला कळलं तेव्हा त्याचा राजीनामा माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडला होता.

आधी कळायला नको होतं? हवंच होतं. चारच्या चहाला सगळ्यांना गोळा करून टपरीवर नेणारा हा, जागेवरून उठेनासा झाला. मला वाटलं, आळस! प्रत्येक मीटिंगमध्ये हुज्जत घालणारा हा, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायला लागला. मला वाटलं, चला, मॅच्युअर झाला! अप्रेझलच्या फॉर्मात त्यानं स्वतःला पाचपैकी दोन मार्क दिले. मला वाटलं, काय हा विनय! मग साधेसाधे बग त्याच्या नजरेतून सुटायला लागले, तेव्हा मी त्याला छानशी चेकलिस्ट बनवून दिली. म्हणजे दमलेल्या बैलाला वरून नवी झूल.

नंतर वाचायला बसले. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्यात. पार गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल आलेला तुटकपणा, आणि ‘आपल्याला काही जमतच नाही’ ही भावना. तिन्ही माझ्यासमोर बसल्या होत्या, मी फक्त त्यांची बारशी चुकीची केली होती! जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये याच तीन खुणा धरल्या. त्यांनी बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामावरचा ताण नीट न हाताळल्यामुळे होणारा प्रकार म्हटलं. म्हणजे ‘चार दिवस गोव्याला जाऊन ये’ एवढ्यानं भागत नाही. परत आल्यावर डेस्कवर तोच ढीग असतो. आणि तो ढीग रचतं कोण? आपणच की.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये मी त्याला म्हटलं, ‘अरे, एकदा बोलायचंस तरी!’ तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही जाता-जाता विचारायचात, ऑल ओके? त्याला नाही कसं म्हणायचं?’

त्या दिवसापासून माझं ‘ऑल ओके’ बंद. आता पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसते. स्टेटस विचारायचं नाही, लॅपटॉप उघडायचा नाही. प्रश्न एकच, ‘तुझ्याकडचं काय काढून घेऊ?’ पहिल्या वेळी कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी यादी येते. मात्र विचारलंत तर खरंच काहीतरी काढून घ्या बरं का, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा ‘ऑल ओके’च ऐकाल. आणि झोप, भूक उडालीय, जगण्यातच राम वाटत नाही, असं कानावर आलं तर आपण समुपदेशक बनायचं नाही. डॉक्टरांकडे जायला सांगायचं, आणि त्यासाठी सुट्टी द्यायची.

दुसरं म्हणजे माझे रात्रीचे मेल. अकरा वाजता सुचतं, काय करू! फ्रान्समध्ये २०१७ पासून ऑफिस सुटल्यावर फोन-मेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून काय थांबायचं? मेल रात्री लिहिते, पण शेड्यूल करून सकाळी साडेनऊला पाठवते. आधी ‘सवडीनं बघ’ असं लिहून रात्रीच पाठवायचे. बॉसचा मेल सवडीनं कुणी बघतं का हो?

हे सगळं करून टीमचं काम अडलं का? दोनदा डेडलाइन पुढे ढकलावी लागली. क्लाएंटची बोलणी मी खाल्ली. त्याचेच तर मला पैसे मिळतात!

त्याच्या जागी आता एक नवीन मुलगी आलीय. हुशार, चटपटीत. परवा संध्याकाळी साडेसहाला क्लाएंटचा मेल आला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, ‘होऊन जाईल.’

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, ‘होईल गं. पण आधी सांग, त्याच्या बदल्यात आज काय करायचं नाही?’