चौकटीबाहेरची धुराडी

रजा प्रवास सवलतीवर दक्षिणेकडे जाणारी मराठी कुटुंबे अलीकडे देवदर्शनाच्या जोडीला पक्ष्यांची छायाचित्रेही टिपू लागली आहेत. हा छंद स्वागतार्हच आहे. मात्र चौकटीत काय यावे आणि काय वगळले जावे, याचा विचार त्या मानाने कमी होतो.

चेन्नईच्या उत्तरेची एन्नोर खाडी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. कोसस्थलैयार नदी येथे समुद्राला मिळते. पलीकडे रोहित पक्ष्यांसाठी ख्यातनाम असलेले पुलिकत सरोवर आहे. खाडीच्या उथळ पाण्यात झोळीवाले, बगळे, कुरव हमखास दिसतात. त्याच काठावर औष्णिक वीज केंद्र, राखेची तळी आणि २००१ साली सुरू झालेले बंदर आहे. साहजिकच पर्यटक भिंग पक्ष्यावर रोखतो आणि धुराडी चौकटीबाहेर ठेवतो. छायाचित्र सुंदर उतरते, पण ते अर्धसत्य असते.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मनळी औद्योगिक परिसरातील तेल या खाडीत पसरले. तेलाने माखलेल्या झोळीवाल्यांची छायाचित्रे तेव्हा देशभर प्रसिद्ध झाली. पिसांना तेल लागले की त्यांची पाणी व थंडी रोखण्याची शक्ती जाते. चोचीने पिसे साफ करताना तेच तेल पक्ष्याच्या पोटात जाते. राष्ट्रीय हरित लवादाने बातम्यांच्या आधारे प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कोळी बांधवांची नासलेली जाळीही लोकांपुढे आली. नुसत्या आकडेवारीने हे क्वचितच साधले असते.

प्रवासी आनंदासाठी हिंडतो, तो काही वार्ताहर नव्हे, असे कोणी म्हणेल. ते रास्तच आहे. परंतु दहा मोहक छायाचित्रांसोबत एक रुंद चौकटीचे, परिसरासह टिपलेले छायाचित्र घेण्यात आनंद उणावत नाही. त्यावर दिनांक व ठिकाण मात्र असावे. त्यांवाचून ते तारीख नसलेल्या धनादेशासारखे ठरते; दिसायला ठीक, पण वटत नाही.

या नोंदीसाठी पक्ष्याला त्रास होता कामा नये. उडतानाचे दृश्य मिळावे म्हणून थव्यावर नाव घालणे, विसावलेल्या पक्ष्याला उठवणे हे अनुचितच. घरटी विस्कटणे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत मोडते. घरट्याचा नेमका ठावठिकाणाही जाहीर करू नये.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथेही रोहितांच्या मागे शहराच्या इमारती उभ्या आहेतच. एन्नोर असो वा ठाणे, पक्षी जिथे जगतो ती जागाही छायाचित्रात यावी. उद्या ती जागा राखायची झाल्यास आजचे हे साधे छायाचित्र साक्षीला उभे राहील.