ताकातले स्कोन

स्कोन हे नाव वाचताच आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. मूळचा हा स्कॉटलंडातील पदार्थ. इंग्रज लोक दुपारच्या चहाबरोबर तो साय व मुरंबा लावून खातात. परंतु पीठ भिजवून निखाऱ्यावर भाजण्याची कला काही आपण परक्यांपासून उसनी घेतलेली नाही. ‘अपूप’ हा शब्द ऋग्वेदातच आहे, आणि यज्ञातील पुरोडाश तर खापराच्या कपालांवरच भाजावयाचा असे. अग्नीचा आठ कपालांचा, अग्नीषोमांचा अकरांचा. आक्षेप होता तो भाजण्याला नव्हे, भाजणाऱ्याच्या हाताला.

त्या आक्षेपापायी पुण्यात केवढे वादळ उठले! 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी मानापुरता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी 1892 साली, स्वतःसाठी नव्हे तर स्नेह्यांची अडचण पाहून, प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही. एका पेलाभर चहाने माहेर-सासरची येजा थांबावी, यास आम्ही धर्म म्हणावयास धजत नाही.

असो. स्कोनात अंडे नाही, खमीर नाही. तो फुगतो आपल्या आंबट ताकावर. पाव किलो मैद्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व दोन चमचे साखर मिसळून चाळावी. त्यात 50 ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे, म्हणजे पीठ रव्यासारखे दिसू लागते. आमच्या धाराशिवच्या उन्हाळ्यात लोणी हातातच वितळते. म्हणून ते शीतकपाटातून काढताच वापरावे. मग सुमारे 150 मिलिलिटर घट्ट ताक घालून गोळा जमेल तेवढेच एकत्र करावे. पोळीची कणीक तिंबणाऱ्या गृहिणीस येथे हात आवरणे जड जाते. पण तिंबल्याने मैद्याला चिवटपणा येतो, आणि स्कोन वातड होतो. शिवाय ताकातील आम्ल सोड्याला भेटताच वायू सुटू लागतो, म्हणून गोळा खोळंबत ठेवू नये. पेरभर जाड थापून वाटीच्या काठाने सरळ दाबून चकत्या पाडाव्या. वाटी फिरविल्यास कड दबते व स्कोन एका अंगास कलतो.

विजेची भट्टी असल्यास 220 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, तीवर तिवई व तिवईवर थाळी ठेवून, झाकण लावून भाजावे. वेळ अधिक लागतो, आणि वरची बाजू फिकी राहते. चवीस मात्र बाधा नाही.

आमच्या वडील वहिनी बाजारच्या भट्टीतले काही खात नाहीत. आम्ही त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. सत्तरीपुढच्या माणसाचा नेम मोडून कोणाचे कल्याण होते? मात्र चहास स्नेही आले की त्या आतच बसत. स्कोन त्यांच्याच हातचे होऊ लागल्यापासून त्या ओसरीवर येऊन बसतात, आणि आमच्या शाळेतील एक जुने सहकारी, जे नमाज आटोपूनच येतात, त्यांच्या बशीत दुसरा स्कोन त्याच वाढतात. प्रथम आमच्याकडे सर्वांनी पाहिले. आम्ही साखरेचा डबा पुढे सरकविला.

इंग्रजांच्या घट्ट सायीसाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. भूम तालुक्यातील खवा थोड्या दुधात सैल करून लावला की काम भागते, वर गुळांब्याचा एक ठिपका. स्कोन मात्र भाजल्याबरोबर, ऊन असतानाच खावे; संध्याकाळपर्यंत ते कोरडे पडतात, आणि मग चहात बुडविण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.