केळी वाटून झाली? आता बाथरूम बघा!

१ ऑक्टोबर, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशीचा आपल्या कॉलेजांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एनएसएसची बस वृद्धाश्रमाच्या दारात थांबते, केळी-बिस्किटं वाटली जातात, दोन-चार जुनी गाणी होतात, ग्रुप फोटो निघतो आणि दीड-दोन तासांत बस परत. दुसऱ्या दिवशी २ ऑक्टोबर. मग आपणच हातात झाडू घेऊन स्वच्छतेची शपथ घेतो, पण रस्त्यावर. आदल्या दिवशी ज्यांच्या पाया पडलो, त्यांचं बाथरूम कसं आहे, हे आपल्याला माहीतच नसतं.

आपण गाणी म्हणतो तो हॉल पाहुण्यांसाठी झाडून-पुसून ठेवलेला असतो. आश्रम खरा कसा आहे, हे कळतं आतल्या बाथरूममध्ये, गाद्यांवर आणि रात्री.

जरा डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन. ऐंशीच्या आजी बाथरूमला उठल्यात. दिव्याचं बटण लांब, फरशी ओली, धरायला भिंतीला दांडा नाही. पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. या वयात असं हाड मोडलं की अनेकजण पुन्हा स्वतःच्या पायावर नीट उभे राहत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथे सतत दाब पडून रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा होतात. ओलं डायपर तसंच राहिलं तर आणखी लवकर होतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. बाथरूमला जायची भीती वाटते म्हणून आजी-आजोबा पाणीच कमी पितात. त्यातून लघवीचा संसर्ग होऊ शकतो. म्हातारपणी तो दरवेळी ताप घेऊन येत नाही, कधी माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो. आपण म्हणतो, ‘वय झालं आता!’ खरुजेचंही तसंच. एकाला झाली की खोलीभर पसरते. सगळ्यांना एकाच वेळी औषध दिलं नाही आणि चादरी-कपडे गरम पाण्यात धुतले नाहीत, तर ती पुन्हा पुन्हा येते.

यातल्या बहुतेक गोष्टींना महागडं मशीन लागत नाही. एक स्टीलचा दांडा, रात्रभर जळणारा दिवा, कोरडी फरशी आणि पुरेसे हात. त्यातले हातच सगळ्यात महाग, म्हणून तिथेच काटकसर होते. अख्ख्या मजल्याला रात्री एकच मावशी असेल, तर दोष तिचा नाही. ती एकटी किती जणांची कूस बदलणार?

‘भरपूर पैसे मोजले की सगळं नीट असतं’ असंही समजू नका. १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीतल्या ग्रेटर कैलाशसारख्या श्रीमंत वस्तीतल्या एका वृद्धनिवासाला आग लागली आणि दोन वृद्ध महिलांचा जीव गेला.

मग कायदा काय म्हणतो? २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याण कायद्यात कलम १९ आहे. त्यानुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारू शकतं आणि तिथल्या सोयींचा दर्जाही ठरवू शकतं. ‘शकतं’ हा शब्द नीट वाचा. करायलाच हवं, असं कायदा म्हणत नाही. अशा संस्थांना नोंदणी आणि किमान निकष लावण्याची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्या लोकसभेची मुदत संपली तरी त्याचा कायदा झाला नाही.

आणि तिथे राहणारे तक्रार करत नाहीत. त्यांना विचारा, उत्तर येईल, ‘सगळं छान आहे, बाळा.’ इथून काढलं तर जायचं कुठे, हा प्रश्न असलेला माणूस दुसरं काय बोलणार?

म्हणून बघायचं काम आपलं. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात आपल्याकडे. त्यातले काही तास एकाच आश्रमाला द्या आणि दर महिन्याला जा. परवानगी घेऊन बाथरूम बघा: दांडा आहे का, फरशी कोरडी आहे का? रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, विचारा. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचा, मागचं दार कुलूपबंद तर नाही ना, पाहा. जे कमी आहे ते व्यवस्थापनाला शांतपणे सांगा. दांड्यासाठी वर्गणी काढणं फळांच्या वर्गणीपेक्षा अवघड नाही. रील मात्र करू नका, त्यांच्या बेडरूममध्ये आपण पाहुणे आहोत. आणि कुणाची आबाळ किंवा छळ होताना दिसला, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

उद्या आपल्याच घरातल्या कुणासाठी जागा शोधायची वेळ आली, तर फोनवर फोटो आणि रेटिंग बघणारे आपणच असणार आहोत. फोटोत हॉल दिसतो, बाथरूम दिसत नाही. ते बघायची सवय या ऑक्टोबरपासूनच लावून घेऊया. केळीही न्या, नाही कोण म्हणतंय!