मिरगाच्या आधी ताडपत्री

एप्रिल संपत आला की आमच्या शहापुरात भर दुपारी रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक लग्नाचा बस्ता बांधायला आलेली आणि दुसरी दुकानापुढच्या ताडपत्रीकडे मान वर करून बघत उभी राहिलेली. पहिल्यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज दुसऱ्यांविषयी.

माझं माहेर चंदगडकडचं आणि सासर बैलहोंगलकडचं. त्यामुळे आमच्या घरात पावसाला पाऊसही म्हणतात आणि मळीही म्हणतात. ताडपत्रीला मात्र दोन्हीकडे ताडपत्रीच. हा शब्द टारपॉलिनवरून आला म्हणतात, पण आता तो इतका घरचा झालाय की दोन्ही भाषांना तो आपलाच वाटतो. मिरगाचंही तसंच. मृग नक्षत्र सात-आठ जूनला लागतं आणि मराठी शेतकरी काय, कन्नड शेतकरी काय, दोघंही त्याला मिरगच म्हणतात. शेतकऱ्याचं बियाणं त्याच्या आधी तयार असावं लागतं, तशी दुकानदाराची ताडपत्री.

आमचं दुकान साड्यांचं, तोंड पश्चिमेला. दुपारी तीननंतरचं ऊन सरळ दर्शनी कपाटावर येतं. उन्हात टांगलेल्या साडीचा रंग महिन्याभरात घडीवर उडतो, मग ती साडी गिऱ्हाईक उलगडूनही बघत नाही. सासूबाई (आमच्या घरच्या कन्नडात अत्ती) म्हणतात, ताडपत्री हा दुकानाचा पदर आहे, तो नीट नसेल तर आतली अब्रू जाते. अत्तींच्या सगळ्या उपमा साडीवरून सुरू होतात, पण ही मला पटली.

आमच्याकडे ताडपत्री धुवायचा मुहूर्त ठरलेला असतो. बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, दुसऱ्या दिवशी बसव जयंती आणि अक्षय्य तृतीया. पुढे चित्ररथांची मिरवणूक. रथ उंच असतात, गर्दी दाटते, म्हणून मिरवणुकीच्या वाटेवरचे बरेच दुकानदार छत गुंडाळतात किंवा उतरवून ठेवतात. आमची गल्ली त्या वाटेवर नाही, पण उतरवायचं ते याच आठवड्यात असा घरचा रिवाज पडून गेलाय. उतरवलीच आहे तर धुऊन, शिवून, रंगवून मगच परत चढवायची.

धुण्याआधी कापड कुठलं ते बघावं लागतं. जाड सुती कॅनव्हासला मेणाचा किंवा तसल्याच लेपाचा हात दिलेला असतो, पाणी अडतं ते त्या लेपामुळे. दुसरं, वरून गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर दिलेलं, आत जाळीसारखं कापड असलेलं. तिसरी निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री, जी आपण घरावर, लाकडांवर, भुईमुगाच्या ढिगावर टाकतो. ही तिसरी स्वस्त खरी, पण ऊन तिला खातं. चुरगाळल्यावर हाताला भुकटी लागायला लागली की तिला धुण्यात अर्थ नाही, शिवण्यात तर त्याहून नाही. चौथा प्रकार म्हणजे जुने फ्लेक्स बोर्ड उलटे करून बांधणं. निवडणूक झाली की असली छतं बाजारात एकदम वाढतात. वाऱ्यात ती टराटरा फाटतात आणि उलट्या बाजूने उमेदवार आपल्याकडे बघत राहतो ते वेगळंच.

सुती कॅनव्हास आधी कोरडाच झाडायचा. मऊ ब्रश घ्या, वरून खाली झाडा, घड्यांतली जाळी आणि शिवणीतली माती काढा. धूळ असताना पाणी ओतलं की तिचा चिखल होतो आणि तो विणीत बसतो. कबुतरांची घाण खरवडू नये, ओलं फडकं पंधरा मिनिटं त्यावर टाकून ठेवलं की सुटते. मग गार पाणी आणि अंगाच्या साबणाइतका सौम्य साबण. आमच्याकडे रिठ्याचं पाणी असतंच, रेशमी साड्यांसाठी केलेलं, तेच वापरतो. धुण्याचा सोडा नको, गरम पाणी नको आणि पांढरं करायचं ब्लीचिंग तर अजिबात नको. त्याने डाग जातो तसा कापडाचा आणि दोऱ्याचा जीवही जातो. हल्ली काही जण गाड्या धुवायच्या केंद्रावर नेऊन जोराच्या फवाऱ्याने ताडपत्री धुऊन आणतात. चकचकीत दिसते, पण लेप आणि शिवण दोन्ही ढिली होतात.

साबण पुरता निघेपर्यंत दोन-तीनदा पाणी घाला. कापडात साबण राहिला तर पाऊस बाहेर न थांबता झिरपून आत येतो. मग वाळवणं, आणि खरी गंमत इथेच आहे. मधलं कापड उन्हात दोन तासांत वाळतं, पण काठाची दुमड, जिच्यातून दोरी जाते, ती दुसऱ्या दिवशीही आतून ओली असते. वरवर हात लावून गुंडाळली की चार दिवसांत काळे ठिपके. ही बुरशी एकदा सुती कापडात मुरली की व्हिनेगरच्या पाण्याने पुसून वाढ थांबते, डाग पूर्ण जात नाही. म्हणून दोन दिवस गच्चीवर, आणि दुमड उलटवून बघायची. लगेच चढवायची नसेल तर घडी न घालता सैल गुंडाळी करून माळ्यावर ठेवा. जमिनीवर ठेवली तर उंदीर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर दमट वास.

वाळल्यावर एक परीक्षा घ्यायची. कापडावर तांब्याभर पाणी शिंपडा. मोत्यासारखं घरंगळलं तर लेप शाबूत आहे. काळं पडून मुरलं तर नवा लेप द्यायला हवा. तो तयार मिळतो, पण स्वच्छ आणि कोरड्या कापडावरच द्यायचा.

शिवणकाम घरच्या मशीनवर होत नाही. त्यासाठी जाड सुईची मशीन असलेला ताडपत्रीवालाच लागतो. आमचा शिंपी रिंगा बघूनच कापडाचं वय सांगतो. लोखंडी रिंग गंजते आणि भोवतालचं कापड कुरतडते, पितळी टिकते. दोरीच्या बाबतीत त्याने सांगितलेली एक गोष्ट मी विसरले नाही. सुती दोरी भिजली की आकसते, नायलॉनची भिजली की ताणते. म्हणजे सुती दोरी उन्हाळ्यात घट्ट बांधली तर पहिल्या पावसात तीच रिंगा उपटते आणि नायलॉनची सैल पडून मध्ये पोट काढते.

हे पोट नुसतं दिसायलाच वाईट नाही. बारा फूट लांब आणि पाच फूट पुढे आलेलं छत साधारण साडेपाच चौरस मीटर होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वळवाच्या एका झोडपणीत पन्नास मिलिमीटर पडला तर त्या छतावर पावणेतीनशे लिटर आलं. ते वाहून गेलं तर ठीक. त्यातले साठ लिटर जरी मध्ये अडले तरी साठ किलोचा माणूस ताडपत्रीवर बसल्यासारखा झाला, आणि तोही बरोबर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. म्हणून उतार हवा, फुटाला निदान तीन इंच. पाच फुटांच्या छताला भिंतीकडची बाजू पुढच्या दांडीपेक्षा सव्वा फूट उंच. ‘मग बोर्ड झाकला जातो’ ही प्रत्येक दुकानदाराची तक्रार असते. बोर्ड वर सरकवता येतो, पाण्याला वर सरकवता येत नाही. पोटात साठलेलं पाणी आठ-दहा दिवस तसंच राहिलं तर डेंगीचे डास तिथेच तयार होतात, त्यांना असलंच स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. गुंडाळून शटरवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्यासुद्धा बघायच्या, तिथे वाटीभर पाणी राहतंच.

सांगाडा लोखंडी पाइपचा असेल तर गंज जोडाच्या ठिकाणी आधी धरतो. तारेच्या ब्रशने खरवडा, पॉलिश पेपर मारा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग ऑइल पेंट. एवढं पुरे. हे करताना स्टुलावर स्टूल ठेवू नका, घोडा मागवा. आमचे मामंजी सत्तरी ओलांडल्यावरही स्टुलावर चढतात म्हणून गेल्या वर्षी स्टूलच मी माहेरी पाठवून दिलं.

रंग लावायच्या आधी सांगाड्यावरून गेलेल्या वायरी मात्र बोट ठेवून बघायच्या, आणि त्याही मेन बंद करून. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. संध्याकाळी वळीव आला, गारा पडल्या, लोक मिळेल त्या छताखाली शिरले. आमच्या समोरच्या रांगेतल्या एका दुकानाच्या दिव्याच्या बोर्डाची वायर पाइपला तारेने आवळलेली होती आणि वर्षानुवर्षं हलून हलून ती तिथे सोलली होती. आडोशाला आलेल्या एका शाळकरी मुलीने खांबाला हात लावला आणि हात सुटेचना. तिची आई धावली. तेवढ्यात शेजारचा पानवाला ओरडला, “मुट्टबेड्रि!” हात लावू नका. आई बोलत होती मराठी, पण त्या शब्दावर ती जागच्या जागी थांबली. पानवाल्याने मेन पाडला, तेव्हा मुलगी खाली कोसळली. तळहात भाजला होता, आठवडाभर दवाखाना झाला, पोरगी वाचली. आई थांबली नसती तर दोघी गेल्या असत्या, असं नंतर आलेल्या वायरमननेच सांगितलं.

तेव्हापासून आमच्या ओळीतल्या बहुतेकांनी बोर्डाची लाइन वेगळी काढून तिला तीस मिलिअँपिअरचा गळती पकडणारा ब्रेकर बसवलाय. वीज गळायला लागली की तो क्षणात बंद पडतो. सांगाड्याला अर्थिंग, वायर प्लॅस्टिकच्या नळीतून आणि पाइपला तार आवळायची नाही. आणखी एक करायचं. त्या ब्रेकरवर चाचणीचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आमच्याकडे ते काम धाकट्याकडे आहे, तो ते अमावास्येला करतो, म्हणजे तारीख चुकत नाही.

राहता राहिली झालर. कर्नाटकात २०२४ साली फलकावर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा झाल्यावर बऱ्याच दुकानांनी बोर्डाबरोबर झालरीवरची अक्षरंही नव्याने काढून घेतली. आमच्या झालरीवर आता वर मोठ्या अक्षरांत कन्नड आणि त्याखाली मराठी आहे. घरातही बोलण्याचा क्रम साधारण तसाच, अत्ती आधी आणि मी नंतर. पेंटरला एवढंच सांगा, सुती कापडावर ऑइल पेंटचा जाड थर देऊ नकोस. तो वाळून कडक होतो, घडीला तडकतो आणि अक्षराबरोबर कापडही सोडून येतं. पातळ हात, दोनदा. आणि झालर वेगळी शिवून बटणांनी लावली तर पुढच्या वेळी तेवढीच उतरवता येते.

सोसाट्याचा वारा सुटला की छत गुंडाळायचं, पावसाची वाट बघायची नाही. वारा खालून शिरला की छत्री उलटावी तसा सांगाडा भिंतीतून उचकटतो. त्यासाठी गुंडाळायची दोरी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी हवी. आमच्याकडे ती सरगाठीने बांधतात, एका हिसक्यात सुटते.

शिंप्याकडे जायचं असेल तर या आठवड्यात जा. मेच्या पंधरा तारखेनंतर तो मान वर न करता “नाळी बर्रि” म्हणतो, आणि त्याचा उद्या म्हणजे मिरग संपल्यावर. आमची परवाच दिली आहे. दोन रिंगा, एक ठिगळ आणि पुढची सगळी दुमड नवीन. शुक्रवारी मिळेल म्हणालाय. तोवर दुपारी तीन वाजले की दर्शनी साड्या आत आणि कपाटाला जुन्या धोतराचा पडदा.